दीड सेकंद

शोरूमचा कागद खोटं बोलत नाही:
एकशे नव्वद घोडे.
फक्त त्यांच्याकडे आधी अर्ज द्यावा लागतो.

वारज्याहून हायवेला लागताना मी पाय दाबते
आणि बॉनेटखाली कुणीतरी चष्मा शोधतं,
अर्ज वाचतं, वरच्या टेबलाकडे पाठवतं.
तोवर आरशात कंटेनरचं तोंड
घराएवढं झालेलं असतं.
मग सगळे घोडे एकदम उधळतात
आणि पुढच्या टेम्पोवरचं ‘आई-बाबांचा आशीर्वाद’
मी फारच जवळून वाचते.

माझा धंदाच खरं तर थांबण्याचा.
मी भूल देते.
औषध शिरेत सोडलं म्हणून माणूस लगेच जात नाही;
दंडातून वर, छातीतून फिरून,
मग कुठे डोक्यापर्यंत.
मी पापणीकडे बघत मनात आकडे मोजते.
ज्याला तो उशीर सोसवत नाही
तो दुसरा डोस देतो आणि मागाहून घाम पुसतो,
हे शिकाऊ पोरांना दर वर्षी सांगते.
आणि रात्री पावणेतीनला सिझरचा फोन आला की
सिंहगड रोडला
ह्याच पायाने दुसरा डोस देते.

शिवण्याच्या रझाक आतारनं आधी एअर फिल्टर झटकला.
पिंपळाचं पान, वाळलेला भुंगा.
थ्रॉटल बॉडी स्प्रे मारून पुसली,
मिश्री लावल्यासारखं काळं झालेलं बोट मला दाखवलं.
“पूर्वी पाय तार ओढायचा, मॅडम.
आता तार नाही. पाय नुसती विनंती करतो.”
मग लॅपटॉप जोडला
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
“आधी कोण चालवायचं?”

केळशीकर. सहकारनगर.
त्यांच्या पत्नीनं किल्ली देताना
ती पदराला पुसून दिली होती.
मी विचारलं होतं, दोघांना एवढी मोठी गाडी?
“मला डायलिसिसला न्यायचे ना, दिवसाआड.
म्हणाले, हिच्यात हादरे कमी बसतात.
साठच्या वर काटा मी कधी पाहिला नाही.”
बोलताना एक हात तिनं
दुसऱ्या हातावर आडवा धरला होता,
सुईच्या जागेवर.

“तोच पाय पाठ झालाय गिअरबॉक्सला,” रझाक म्हणाला.
“तुम्ही जोरात दाबता,
तिला वाटतं, चुकून लागला असेल.
पुसून टाकू? दहा मिनिटांचं काम.”

मी हो म्हटलं. लगेच.
नवले पुलाच्या उतारावर हळवेपणा चालत नाही.
हो म्हटलं,
आणि मग काहीतरी दंडातून वर चढलं,
छातीतून फिरून
डोक्यापर्यंत पोचायला त्याला जेवढा लागायचा
तेवढा वेळ लागला.
तोवर रझाकनं बटण दाबलं होतं.
बिल साडेअठराशे.
“पहिले तीन-चारशे किलोमीटर अडखळेल,” म्हणाला,
“नवीन पाय शिकतेय. तुम्ही पण जरा सांभाळून शिकवा.”

आता गाडी कोरी आहे.
तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना शाळेतल्या पोरासारखी
हात वर करू की नको करते.
मध्यरात्रीची माझी घाई तिनं पटकन उचलली;
परवा वारज्याला कंटेनर आरशात आला
आणि आला तेवढाच राहिला.

येताना मात्र पाच वाजलेले असतात.
बाळ रडलेलं असतं, आई शुद्धीवर आलेली असते,
राजाराम पुलाच्या सिग्नलला नुसता पिवळा उघडझाप करत असतो.
मला कुठेही पोचायचं नसतं.
पुढे तो बिनरंगाचा स्पीडब्रेकर येतो
आणि मी तो असा घेते,
जणू शेजारच्या सीटवर कुणी
हात आडवा धरून बसलंय.

हे शिकायचं की नाही
ते तिचं ती बघेल.